तीन वाजता मी त्या गल्लीत नव्हतो

मागच्या मंगळवारी नातीने मला होमवर्कमध्ये मदत मागितली. दुबईजवळच्या अल ऐनला मुलाकडे येऊन दोन महिने झाले, पण इथे कुणाचं माझ्यावाचून अडलं असं पहिल्यांदाच घडलं...

मी निवृत्त पोलीस. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो. बायको गेल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, थोडे दिवस इकडे या." आलो.

सकाळी सातच्या आत मुलगा, सून, नात तिघंही बाहेर पडतात. इथे गाडीशिवाय कुठे जाता येत नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत चालत जातो, मलबारी दुकानदाराशी हिंदीत दोन वाक्यं बोलतो... खलास, दिवसभराचं बोलणं संपलं. नात तेरा वर्षांची. मी मराठीत विचारतो, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते आणि खोलीत जाते.

तर होमवर्क. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं लंडन, आणि तिथला एक खून जो कधीच उलगडला नाही. कागदावर बीटवरच्या एका शिपायाची साक्ष छापली होती. तो म्हणतो, "ठरलेल्या वेळी मी गल्लीतून गेलो, काही वावगं दिसलं नाही"... आणि थोड्याच वेळाने तिथेच एका बाईचं प्रेत सापडलं. खाली प्रश्न होता: हा साक्षीदार विश्वासार्ह आहे का? कारण द्या.

तिला फक्त बीट म्हणजे काय ते हवं होतं. मी सांगितलं, ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ, आणि नोंदवहीत सही. उत्तर तिने आधीच लिहून ठेवलं होतं. होय, कारण तो पोलीस आहे. मला दाखवून हसली आणि म्हणाली, "लाइक यू, आजोबा."

माझ्या तोंडून निघून गेलं, "खोड ते."

"व्हाय?"

आणि मग जे बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं, ते मी त्या पोरीला सांगितलं.

पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका तालुक्याच्या गावात माझी दिवसाची बीट होती. एका गल्लीत यमुनाबाई नावाच्या विधवा बाई एकट्या राहायच्या. रोज दुपारी तीनला मी जायचो तेव्हा त्या ओट्यावर काहीतरी निवडत बसलेल्या असायच्या. मान वर करून हसायच्या.

त्या दिवशी ऊन भयंकर होतं. मी न्हाव्याच्या दुकानात पंख्याखाली बसलो आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा चार वाजून गेले होते. नोंदवहीत तीनची आणि चारची, दोन्ही सह्या एकदमच केल्या.

साडेचारला शेजारणीला यमुनाबाई घरात मेलेल्या सापडल्या. डोक्यात वरवंटा घातला होता. साहेबांनी मला विचारलं, "तीनला बाई दिसल्या होत्या का?" मी म्हणालो, "हो साहेब, ओट्यावर होत्या." रोजच असायच्या ना... तोच माझा जबाब झाला.

त्यांच्या भाडेकरूवर सगळ्यांचा संशय होता. पण तो पावणेतीनपासून संध्याकाळपर्यंत तहसील कचेरीत होता, दहा जणांनी पाहिलं होतं. आणि माझ्या जबाबाप्रमाणे बाई तीनला जिवंत होत्या, म्हणजे खून त्यानंतरच झाला. त्याला सोडून दिलं. पुढे केस 'अ समरी'त गेली, म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही.

यमुनाबाईंची पुतणी दर महिन्याला एसटीने ठाण्यावर यायची. मी तिला खुर्ची द्यायचो, पाणी द्यायचो. म्हणायचो, "तपास चालू आहे, ताई." दोन वर्षं आली. मग यायची थांबली.

नातीने सगळं ऐकून घेतलं. "सो... यू लेट हिम गो?"

मी म्हणालो, "त्यानेच केलं की नाही, ते मला माहीत नाही. आता ते कुणालाच कळणार नाही. माझ्यामुळे."

ती कागद उचलून खोलीत गेली. जेवताना माझ्याकडे बघितलं नाही. पुढचे तीन दिवस नुसतं "हाय". एकटेपणाची सवय झाली होती म्हणा, पण हा वेगळा होता... घरात माणूस असून तो आपल्याला टाळतोय, असा.

शनिवारी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, पस्तीस वर्षं झाली. आता कशाला उकरून काढताय? उगाच चौकशी मागे लागेल." त्याची काळजी खोटी नव्हती. मी विषय सोडला.

रविवारी दुपारी नात माझ्याजवळ येऊन बसली. आणि चक्क मराठीत, अडखळत म्हणाली, "ती पुतणी... तिला माहिते का?"

"नाही."

"मग सांगा ना तिला."

एवढंच. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही.

त्या रात्री जेवण झाल्यावर टेबलावर बसून नवा जबाब लिहिला. तीन वाजता मी गल्लीत नव्हतो, यमुनाबाईंना पाहिलं नव्हतं. खाली सही केली. मुलाने तो वाचला. काल त्याने माझं परतीचं तिकीट पंधरा दिवस अलीकडे आणलं.

आधी ठाण्यात जाऊन तो कागद देईन, मग पुतणीचं घर शोधेन. ती असेल की नाही, दार उघडेल की तोंडावर लावेल, काही ठाऊक नाही. खरं सांगतो, भीती वाटते. नोकरीत इतकी कधी वाटली नव्हती.

तरी जाणार आहे. आयुष्यभर लोकांना "खरं काय ते सांग" असं दरडावत आलो... मला तेच इतक्या हळू आवाजात सांगणारं कुणीतरी या वयात भेटलं, हे माझं नशीब.