पासष्टची थरथर: नागपूर ते सिवनी आणि परत

दिवाळीच्या फराळाचं ताट समोर असतानाच मी जाहीर केलं, की जीप विकणार नाही. मेहुणा वसंता चकली मोडत म्हणाला, "भाऊजी, गिऱ्हाईक सोमवारी येऊन राहिलं. मी शब्द देऊन बसलो." माझ्या वस्तूचा शब्द परस्पर देऊन टाकायचा, ही आमच्या सासुरवाडीची जुनी पद्धत.

जीप लष्कराच्या लिलावातली. चारही चाकं ओढणारी, गाड्यांच्या हिशेबात वयाने माझ्याच बरोबरीची. दसऱ्यापासून तिला एक विकार जडला होता. वेगाचा काटा पासष्टवर गेला की तळातून थरथर उठायची आणि आरशातला ट्रक एकाचे तीन दिसायचे. नागपुरात हे कुणाला दाखवायची सोय नव्हती. सीताबर्डीत सायकली आणि रिक्षांमधून चाळीस गाठणं हाच पराक्रम, आणि चाळीसच्या आत गाडी कीर्तनाला बसल्यासारखी शांत. महाल भागातल्या नथ्थू मिस्त्रीने पुढची चाकं मागे लावली, मागची पुढे लावली. फरक पडला नाही. मग सगळ्यांनी एकमताने निदान केलं: वय झालं.

हे निदान फार सोयीचं असतं. ते केलं की खाली वाकून बघावं लागत नाही. पन्नाशी उलटल्यापासून माझ्या गुडघ्यांचं, चष्म्याचं आणि मतांचंही हेच निदान होत होतं, त्यामुळे मला ते जास्त झोंबलं. मी बायकोला, सुमनला, म्हटलं, "सिवनीले जाऊ. रस्ता मोकळा हाये. रविवारी परत येईस्तोवर थरथर नाही सापडली, तं सोमवारी मीच किल्ली देईन."

"साक्षीदार पायजे," म्हणत वसंता मागच्या बाकावर चढला.

शनिवारी उजाडता निघालो. कामठीला तर्रीचे पोहे खाल्ले. पन्नास पैशांत डोळ्यांना पाणी येतं आणि दुपारपर्यंत भूक लागत नाही. पुढे कन्हानचा पूल अरुंद आहे. समोरून ट्रक आला तर मान त्यालाच द्यावा. पूल ओलांडला की मात्र रस्ता सरळ. पन्नास, साठ, आणि पासष्टला ती आली. सुमनच्या मांडीवरचा स्टीलचा डबा वाजू लागला.

"आली वं तुझी सवत," वसंता बहिणीला म्हणाला.

मी वेग तसाच ठेवून गिअर न्यूट्रलमध्ये टाकला. इंजिन मंदावलं, थरथर तशीच. म्हणजे इंजिन निर्दोष. एक आरोपी सुटला म्हणून मला इतका आनंद झाला, की मी ते मोठ्याने सांगितलं.

"पण गाडी तं हालूनच राहिली न," सुमन म्हणाली. माझ्या विजयांचं मोजमाप ती नेहमी असंच करते.

देवलापारच्या ढाब्यावर डाळ आणि चुलीवरच्या पोळ्या मिळाल्या. मालकाने जीपकडे पाहून सांगितलं, "मनसरले हवालदार हाये. फौजेत याच गाड्या खोलल्या त्यानं. मागंच राहिला तो." म्हणजे परतीच्या वाटेवर. खवासा ओलांडून कुरईचा घाट चढलो. इथून जाणार असाल तर उन्हं असताना जा. सागाच्या पानांतून प्रकाश उतरतो आणि माकडं टोलनाक्यासारखी रस्त्यावर बसून असतात. घाटात वेग तिसाच्या वर जात नाही, म्हणून हा सगळ्यात सुखाचा टप्पा. सिवनीला सीताफळांची टोपली घेतली, विश्रामगृहात मुक्काम केला. जेवताना वसंता त्या गिऱ्हाइकाच्या सज्जनपणाविषयी बोलत राहिला. मी सीताफळाच्या बिया मोजत राहिलो.

रविवारी दुपारी मनसरला हवालदार सापडला. खाकी अर्धी चड्डी, पांढऱ्या मिशा, आणि कडुनिंबाखाली मांडलेलं दुकान. मी म्हटलं, "सगळे म्हणतात गाडीचं वय झालं."

"वय तं माझं बी झालं," तो म्हणाला. "मी थरथरून राहिलो का?"

त्या क्षणी तो मला मेहुण्यापेक्षा जवळचा वाटला.

त्याने गाडीखाली जाऊन मागच्या चाकांना ताकद नेणारा प्रॉपेलर शाफ्ट सोडवला आणि बाहेर ठेवला. वसंता घाबरला. "आता चालंन कशी?"

"फोर व्हील हाये भाऊ. मागचे बसले तं पुढचे ओढते."

नुसत्या पुढच्या चाकांवर आम्ही जबलपूर रस्त्याला लागलो. साठ. पासष्ट. सत्तर. सुमनने डबा मुद्दाम सैल धरला. डबा वाजला नाही.

दोष त्या शाफ्टमध्येच होता. तो दोन तुकड्यांचा असतो, एक दुसऱ्यात सरकतो. हवालदाराने चाकूने वरचा काळा रंग खरवडला. एका तुकड्यावर कोरलेला बाण निघाला. दुसऱ्यावरही निघाला, पण पार वेगळ्या बाजूला.

"हे दोन बाण समोरासमोर पायजेत. नाही तं वेग वाढला का शाफ्ट नाचते. सांध्यातला क्रॉस बदलताना खोलला असंन, बसवताना बाण दिसला नसंन. पण शाफ्टले रंग काहून दिला? कोणा येड्यानं?"

मी निंबाकडे पाहिलं. सुमन सीताफळ खात होती. तिने बी थुंकली आणि म्हणाली, "दसऱ्याले. यायनंच."

खरं आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, माझ्या छापखान्यात यंत्रांची पूजा असते. नथ्थूने क्रॉस बदलायला शाफ्ट सोडवून अंगणात ठेवला होता, आणि पूजेला जीपचा एकही भाग मळका दिसू नये म्हणून पाटीचा उरलेला काळा रंग मी स्वतः, दोन हात, मन लावून फासला होता. त्यानंतर तीन आठवडे मी नथ्थूच्या हाताला नावं ठेवली.

हवालदाराने बाण जुळवले, त्यांवर चुन्याची खूण केली, दहा रुपये आणि चार सीताफळं घेतली. परत येताना कन्हानपर्यंत काटा पासष्टच्या खाली आणला नाही. घरी जाण्याआधी गाडी महालात वळवली आणि नथ्थूला सगळं सांगितलं. "बाण नाही दिसला तं विचाराले पायजे होतं मी," तो म्हणाला. "पण तुम्ही रंग लय चांगला देता."

सोमवारी गिऱ्हाईक आलं. मी त्याला चहा पाजला आणि वसंताकडे पाठवलं. शब्द त्याचा होता.

वय झालं म्हणणाऱ्यांना मी अजूनही ऐकून घेत नाही. फक्त आता दसऱ्याला बॉनेटला हार घालून झाला, की गोणपाट टाकून जीपखाली सरकतो आणि त्या दोन बाणांना कुंकू लावतो. गुडघे कुरकुरतात. सुमन वरून पूजेचं ताट देते, आणि आधी माझ्या दोन्ही हातांत ब्रश नसल्याची खात्री करून घेते.