अक्काचा जबाब

गावच्या शाळेतल्या मास्तरांचं पत्र आलं त्या दिवसापासून माझं मागावर लक्ष लागेना. धागा तुटायचा आणि मला कळायचंच नाही. सुरतेत कापड विणायला येऊन मला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती. गावी, एदलाबाद तालुक्यात, ज्याला आता मुक्ताईनगर म्हणतात, माझी आत्या एकटी राहायची. सारं गाव तिला अक्का म्हणायचं, म्हणून मीही अक्काच म्हणायचो. मास्तरांनी लिहिलं होतं, की अक्काला आता निंदणीला कोणी बोलवत नाही, तिला पीक कोणतं आणि गवत कोणतं ते दिसत नाही. सरकारनं निराधार म्हाताऱ्यांना दरमहा पगार सुरू केला आहे, त्यासाठी तिचा अर्ज केला होता, पण तो परत आला. शेरा काय, तर कमावता मुलगा आहे. खाली मास्तरांनी लिहिलं होतं, "तो मुलगा म्हणजे तू. तेव्हा तूच ये आणि काय ते निस्तर."

माझी आई मी रांगत होतो तेव्हाच गेली. बापानं दुसरं घर केलं. अक्का विधवा, तिची स्वतःची दोन लेकरं पाळण्यातच गेलेली. तिनं मला उचललं आणि लोकांच्या शेतात राबून वाढवलं. पाचवीत मी शाळा सोडली ती तिच्या बरोबरीनं कामाला जायचं म्हणून. तिनं त्या दिवशी मला मारलं होतं, आणि मग स्वतःच रडत बसली होती. रेशन कार्डावर तिनं माझं नाव मुलगा म्हणूनच लावलं होतं, आणि चौकशीला तलाठी आला तेव्हा त्यालाही अभिमानानं सांगितलं, "पोरगा हाये ना माहा, सुरतेले!"

मी खोटं कशाला लिहू? गाडीत बसलो तेव्हा मला सरकारचा राग नव्हता, माझीच लाज वाटत होती. सुरतेत एका खोलीत आम्ही दोन कुटुंबं राहायचो, मंदी आली की मागाचा कारखाना महिना-महिना बंद. अक्काला तिकडे आणावं तर तिला निजायला जागा नव्हती, आणि इकडे पैसे पाठवायचे ते कधी पोचायचे, कधी नाही. तरी वाटायचं, आपण जिवंत असताना तिनं निराधार म्हणवून घ्यायचं?

गावी पोचल्यावर अक्काला घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेलो. तिथला कारकून माणूस बरा होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "भाऊ, तुम्ही यांचा मुलगा नाही, असा कागद आणा. आणि म्हातारीनं साहेबांपुढे जबाब द्यायचा, मला मूलबाळ नाही, शेत नाही. अंगठा केला की झालं. साहेब परवा बसणार आहेत."

मी कागदाचा विचार करत होतो, तोवर अक्का उठून उभी राहिली. "म्या नाई सांगनार तसं," म्हणाली, आणि काठी टेकत बाहेर पडली.

बाहेर मी तिला परोपरीनं समजावलं. ती एकच म्हणायची, "मले मुक्ताईकडे ने." मग रस्त्यानं तिनं कारण सांगितलं, ते मला तोवर ठाऊक नव्हतं. मी चार वर्षांचा असताना गोवर आला होता. मी डोळे उघडत नव्हतो. अक्कानं मला पाठीशी बांधून चालत मुक्ताईच्या देवळात नेलं, उंबऱ्यावर निजवलं आणि म्हटलं, माझी दोन नेली, हे मात्र माझं आहे, हे ठेव. तिसऱ्या दिवशी मी भाकरी मागितली. "आता त्याच तोंडानं म्हनू का, हे माहं नाई? तिनं आयकलं म्हंजे?"

देवळात पोचलो तरी तिच्यावरचा माझा राग उतरला नव्हता. आमच्या घराण्यात देवाचं सगळं अक्काकडेच, मी आपला हात जोडून मोकळा होणारा. पण त्या दिवशी मी गाभाऱ्यापुढे उभा राहिलो आणि मनात म्हटलं, आई, ही माझं ऐकत नाही. हिच्या ताटात काय पडायचं ते पडो, पण हिला तूच काहीतरी सांग. मला आता पुढचं दिसत नाही. एवढंच. नवस नाही, काही नाही.

मंडपात येऊन बसलो तर आमचं पुन्हा सुरू झालं. मी म्हणालो, "उपाशी राहशील अक्का." ती म्हणाली, "राहीन. तू जित्ता ऱ्हा."

खांबाशी एक बाई कापसाच्या वाती वळत बसली होती. अक्काच्याच वयाची, नऊवारीचा पदर कानामागे खोचलेला. तिनं वर न बघताच विचारलं, "काहून वं बाई, देवळात पोरावर खेकसतं?"

अक्कानं परक्या बाईला कधी घरचं सांगितलं नव्हतं. तिला मात्र सगळं सांगितलं, गोवरापासून कारकुनापर्यंत. बाई वाती वळतच होती. मग हसली. "माह्यावर बी असंच आलं व्हतं. दिराचं पोरगं वाढवलं म्या. हे पाह्य, तू शब्द देला तो हिले देला. हिनं तो ठेवला का नाई? एवढा घोडा समोर बसला तुह्या. आता सरकार काय इचारते? पोटचं हाये का? मंग पोटचं नाई म्हनून सांग. त्यात खोटं काय? या मुक्ताईले तरी कुठी पोटचं व्हतं? सारा मुलूख तिले आई म्हनते. तिले का समजत नसंन?"

अक्का गाभाऱ्याकडे बघत होती. बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "आन तू रे! शाळेत गेल्ता का नाई? शाळेत बापाचं नाव असते. दाखला घेऊन ये, निसता रडत नको बसू."

मला हे सुचलं नव्हतं. सगळ्या कागदांवर अक्कानं मला आपलं करून घेतलं होतं, फक्त शाळेत पहिल्या दिवशी बाप स्वतः घेऊन गेला होता. ज्या शाळेतून पळून आलो तिच्या पायऱ्या दुसऱ्या दिवशी मी चढलो. मास्तरांनी जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली. "पाचवीतून पळालास आणि दाखला आता न्यायला आलास होय? लवकर आलास!" असं म्हणून दाखला लिहून दिला. मला हसू आलं आणि डोळेही भरले.

तिसऱ्या दिवशी साहेबांपुढे उभे राहिलो. माझ्या मनात एकच, अक्का पुन्हा बिथरली तर? साहेबांनी दाखला पाहिला, रेशन कार्ड पाहिलं, आणि विचारलं, "आजी, तुम्हाला मूलबाळ?"

अक्कानं पदर डोक्यावर सारखा केला. डोळे मिटले. ओठ हलले, ते साहेबांशी नव्हते, मला ठाऊक आहे कुणाशी होते. मग स्पष्ट म्हणाली, "पोटचं नाई सायेब. हा भाचा हाये. वाढवला म्या. लिहा तुमाले काय लिहाचं ते, पन हा माहा हाये."

कारकून माझ्याकडे बघायला लागला. मला वाटलं, संपलं. साहेब म्हणाले, "पोटचा आहे का, एवढंच मला लिहायचं आहे. तुमचा कोण, ते मी विचारलंच नाही." आणि त्यांनी अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे सरकवला.

चार महिन्यांनी पगार सुरू झाला. पोस्टमन घरी आणून द्यायचा. शेजारपाजारच्या बाया चिडवायच्या, "अक्का नोकरीले लागली!" आणि अक्का म्हणायची, "मंग? तुह्या नवऱ्यासारखी रिकामी बसू?"

पुढच्या वर्षी मी देवळात गेलो तर वातीवाली बाई त्याच खांबाशी होती. मी पाया पडलो, सगळं सांगितलं. तिला काही आठवेना. "म्या बोलली असन बाप्पा, दिवसभर बोलतोच आमी," म्हणाली, आणि प्रसादाचा खडीसाखरेचा खडा हातावर ठेवला. ती साधी बाई होती, जवळच्याच आळीत राहणारी. पण त्या दुपारी जे आम्हाला हवं होतं नेमकं तेच तिच्या तोंडून आलं, आणि ते तिच्या लक्षातही राहिलं नाही. याला काय म्हणायचं ते मी ठरवत बसत नाही. पाचवी शिकलेला माणूस मी.

मला एवढंच उमगलं, की अक्काला आधार माझ्याच हातून मिळावा, हा माझा हट्ट होता. त्या हट्टापायी ती उपाशी राहिली असती आणि मी सुरतेत झुरत राहिलो असतो. हात टेकले तेव्हा कुठे वाट निघाली. तीही एका वाती वळणाऱ्या बाईच्या, एका मास्तरांच्या आणि एका साहेबाच्या हातून. अक्का त्यानंतर सात वर्षं आपल्या घरात, आपल्या चुलीवरची भाकरी खाऊन राहिली. शेवटी मी जवळ होतो. तिचा हात माझ्या हातात होता, आणि मला तेव्हा कशाचीच भीती वाटली नाही.