हलव्याचा हार

शहागंजातून आणलेली हलव्याची पिशवी फोडली आणि हातावर मुंगी चढली. माझी मान आपोआप खाली गेली.

हलव्याच्या दागिन्यांची माझी पहिली ऑर्डर आठवली, वैजापूरच्या एका नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीची. साखरेच्या हलव्याचा हार मी घरीच ओवला आणि वाळायला खाली जमिनीवरच ठेवला. काळ्या साडीत ती पाटावर बसली, बाया ओवाळू लागल्या, तेव्हा मला हारातून मुंग्या निघताना दिसल्या. तिच्या गळ्यावर लाल गांधी उठल्या होत्या.

"चावतंय का गं?" मी हळूच विचारलं.

सासूकडं बघून ती हसली. "नाय ताई, लई छान झालाय."

कुणाला कळलं नाही म्हणून तेव्हा मला हायसं वाटलं होतं. हार काढा, असं त्या घरात ती म्हणू शकत नव्हती. मी म्हणू शकत होते.