शेवटचं गाणं आधी

हेडफोनवरचं काळं रेक्झिन आता सोलायला लागलंय. त्याचे पापुद्रे माझ्या खांद्यावर पडतात, आणि बायको ते झटकत म्हणते, "अहो, किती वेळा ऐकणार तेच तेच?"

आमच्या अमेयच्या आवडत्या बँडची ही गाणी. सगळी मिळून एका अंतराळवीराची गोष्ट. पहिल्या गाण्यात तो घरून निघतो, मधल्या गाण्यांत यान भरकटतं, शेवटच्यात त्याचा आवाज विरत जातो. मी मधलंच एखादं लावलं की अमेय चिडायचा. "बाबा, क्रमाने ऐका ना. नाहीतर काही कळणार नाही."

अमेय अपघातात गेला, तेव्हापासून मी शेवटचं गाणं आधी लावतो. मग विरलेला आवाज गाण्यागणिक ठळक होतो, भरकटलेलं यान वाटेवर येतं. असं कुठे होत नसतं, हे मला कळतं. पण कळून करू काय?

सगळ्यात शेवटी पहिलं गाणं. त्यात कपबश्या किणकिणतात, आई काहीतरी विचारते, तो हसून उत्तर देतो. मग दार उघडल्याचा आवाज आहे. तो आवाज यायच्या आत मी गाणं थांबवतो.

पोरगा अजून घरात आहे.