बोअरचं पाणी आणि विजयमालाबाईंचा हात

विजयमालाबाई चिडल्या की पदर खोचतात. त्या शुक्रवारी तर तो सकाळपासूनच खोचलेला होता.

भवानी पेठेतल्या रंगखान्यात बावीस वर्षं सूत रंगवलेल्या या बाई आता एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्या बुडवतात. ऐकायला सोपं काम. एका बरणीत अधिक भाराच्या पॉलिमरच्या लांबलचक साखळ्या, दुसरीत उणे भाराच्या. काच पहिलीत बुडवायची, धुवायची, दुसरीत बुडवायची, पुन्हा धुवायची. अधिकाला उणं ओढून घेतं आणि थरावर थर बसतो. असे चाळीस थर झाले, तरी जाडी केसाच्या हजाराव्या भागाएवढी!

तर त्या दिवशी एरवी नितळ निघणाऱ्या काचा बाराच्या बारा दुधाळ निघाल्या. प्रयोगशाळेचे प्रमुख उदयसिंह सर, त्यांनी वहीत लिहिलं, ‘बुडवणाऱ्याचा हात अस्थिर.’ वर सांगितलं, सोमवारपासून बाईंनी झाडलोट बघावी.

“माजा हात?” बाई म्हणाल्या. “बावीस वर्सांत सुताची एक लड फिकी निगाली न्हाय, आन तुमच्या काचंला हात हालला?”

“वय झालं की होतं असं, बाई.”

“वय तुमचंबी झालंय की. केस काळे केले म्हणून कमी व्हत न्हाय.”

संशोधन करणाऱ्या आरोहीला नेमका तेव्हाच खोकला आला.

आता रंगखान्याची रीत अशी, की टाकीतल्या पाण्याचा थेंब आधी जिभेला लावायचा. सुतावर रंग किती चढणार ते मिठावर ठरतं ना! बरण्यांना बाई शिवल्या नाहीत. पण धुवायच्या पाण्याचा कॅन होता, त्यातला थेंब त्यांनी चाखला आणि थुंकला.

“खारं हाय.”

“डिस्टिल्ड आहे ते. कॅनवर लिहिलंय,” सर म्हणाले.

“कॅनवर लिवलंय. पाण्याला कुटं वाचता येतंय?”

आरोहीनं क्षार मोजायचं यंत्र बुडवलं. आकडा भराभरा वर गेला. सर कानशील खाजवू लागले. गुरुवारी डिस्टिल्ड संपलं होतं, तेव्हा धुवायलाच तर हवंय म्हणून बोअरच्या नळाखाली कॅन त्यांनीच धरला होता, ते आता कबूल करावं लागलं. क्षार मध्ये शिरले, अधिक-उण्याची पकड सैल झाली, साखळ्या या थरातून त्या थरात भटकल्या आणि पापुद्रा फुगून गढूळला.

“चला, कारण सापडलं. लागा कामाला,” सर म्हणाले.

बाई हलल्या नाहीत. “आदी वही.”

“राहू द्या हो.”

“माजा हात वाईट हे शाईनं लिवलंत. आता तोंडानं पुसू नका.”

सरांनी ओळ खोडली, खाली लिहिलं. बाईंनी अक्षर अक्षर जुळवत वाचलं. “‘कॅनमध्ये बोअरचं पाणी भरलं गेलं.’ आपापच भरलं का? नाव लिवा की.”

सरांनी नाव लिहिलं आणि कॅन उचलून मोरीकडे निघाले.

“ओतू नका. बादलीत घ्या, फरशीला व्हईल. आन सोमवारी फरशी कोन पुसनार हाय, तेबी सांगा.”

“तुम्ही काचाच बघा, बाई.”

बाईंनी काच धरायचा चिमटा उचलला. पदर अजून खोचलेलाच होता.