पंधरा गुणांचा मान

आता काय सांगू, माझी फजिती मी कुणाला सांगत नाही. आज चहा चांगला झालाय म्हणून सांगतो. पण मध्ये हसायचं नाही!

साठ सालानंतरची गोष्ट. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी सासरी रनाळ्याला गेलो होतो. मी मोठा जावई. माझा साडू, म्हणजे धाकटा जावई, तळोद्याला कचेरीत कारकून. तोही आलेला.

गावात शेटच्या दुकानाच्या ओट्यावर कॅरमचे सामने लागले होते. कारभार गुलाबभाईकडे. माणूस गुजर, शेती केळीची, पण जीव कॅरममध्ये. सकाळी त्याने आम्हा दोघांना खेळवून हात बघितला आणि सगळ्यांसमोर सांगितलं,

"मोठा जवाईले दहा गुण आगाऊ. धाकला जवाईले शून्य."

मी मिशीवर हात फिरवला. याला म्हणतात गाव! मोठा कोण, धाकटा कोण, बरोबर ओळखतं!

घरी जेवताना सासऱ्यांना सांगितलं, "माले दहा दिधात. धाकलाले काहीच नही."

सासरे आढ्याकडे बघू लागले. मला वाटलं, त्यांना धाकट्याचं वाईट वाटलं. मीही काही दगड नाही. उठलो, गुलाबभाईकडे गेलो.

"धाकलालेबी दोन द्या. त्यानी बायको रुसी."

"त्याले दिधात तर तुमनं कसं व्हई?"

खरंच की! माझा मान कमी होईल.

"मंग मन्हा वाढावा. पंधरा करा."

गुलाबभाई बघतच राहिला. "तुम्ही सोता म्हनतस?"

"मी सोता!"

"धन्य शे तुमनी, जवाईबुवा," म्हणाला आणि हात जोडले. मीही जोडले.

संध्याकाळी सामना. आधी एकोणतीस करील तो जिंकला. ओट्यावर उभं राहायला जागा नाही. सासरे पुढेच बसलेले. साडूने हळूच विचारलं, "दादा, पंधरा गुण लिसन खेयतस?"

"वय वाढू द्या. तुमलेबी भेटतीन."

लोक हसले. मला वाटलं, साडूला हसले.

मग साडूने स्ट्रायकर धरला. काय सांगू! सोंगट्या उंदरासारख्या बिळात शिरत होत्या. राणीसुद्धा त्याचीच. त्याचे एकोणतीस झाले, माझे पंधराचे पंधरा!

मी गुलाबभाईला धरलं. "इतला मान दिधा, अन वरथून हारावतस?"

"मान कसाना? ज्याना हात कच्चा, त्याले आगाऊ गुण."

कान तापले. पण प्रश्न सुटेना. "मंग ज्यानी मेहनत करी, त्याले शिक्षा का?"

"शिक्षा नही. गुण दिधा नहीत तर तुमनासंगे खेयाले कोन ई? अन पहिलेच माहीत व्हई कोन जिंकी, तर दखाले कोन बठी?"

मी विचार केला. शेतात मीही तेच करतो की! एक बैल कमजोर असला, तर जुवाची लांब बाजू त्याच्याकडे देतो. त्याचा भार हलका होतो, जोडी सारखी चालते, नांगर सरळ जातो. यात अन्याय कुठे?

बरं वाटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं ते बोलूनही दाखवलं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. पटलं म्हणायचं!

पुढे बसलेले सासरे तेव्हा बोलले.

"खरं शे, जवाईबुवा. पन कमजोर बैल कधी सोता ईसन सांगस नही, का माले लांब बाजू द्या!"