बरं असलं तर एक दाबा

मिलिंद गेल्याचा फोन मला तात्यांनीच केला. "आक्का, मिल्या गेला बघ," एवढंच म्हणाले, तेही इतक्या सावकाश, की मला वाटलं तो न जेवता बारामतीला निघाला असेल आणि तात्या नेहमीसारखी तक्रार करतायत. मी म्हटलं, "कधी निघाला?" ... मग तात्यांनी पहिल्यापासून सांगितलं. तो रविवारी गावाकडं गेला होता. दुपारी जेवून पडवीत आडवा झाला, तात्या चहाला हाक मारायला गेले, तर उठेचना. डॉक्टर हृदयाचं काहीतरी म्हणाले. चाळिशीचा धडधाकट माणूस, मला अजूनही त्याचा राग येतो. असं न सांगता जायचं असतं का?

मिलिंद माझा चुलतभाऊ, तात्यांचा एकुलता एक. काकू लवकर गेली, त्यामुळं शाळेसाठी तो बारामतीला आमच्याच घरी वाढला आणि माझ्या खोड्या काढत मोठा झाला. पुण्यात एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरची चांगली नोकरी होती, ती सोडून बारामतीला परत आला. का, तर म्हणे, "आक्का, आमी तितं दिवसभर काय करतो ठाऊक हाय का? लोकं काय करत्यात ते बघत बसतो." मला वाटलं, नोकरी सोडायला कायतरी निमित्त. पण गडी खरंच बिथरला होता. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी. माझ्या घरी आला की आधी माझा फोन ओढून घ्यायचा आणि त्यातली ॲपं काढून टाकायचा, वर मलाच विचारायचा, "टॉर्चला तुझे फोननंबर कशाला लागत्यात गं?" एकदा साडीच्या दुकानात काउंटरवरच्या पोरीनं बिलासाठी माझा मोबाइल नंबर मागितला, तर हा मध्ये पडला. "साडी नेसणार ही, नंबर कशाला पायजे?" मागं रांग लागलेली, मालक गल्ल्यावरून उठलेला. शेवटी त्यानं नंबर न देता बिल फाडून घेतलं आणि रस्त्यात निवडणूक जिंकल्यासारखा चालला. मला इतकी लाज वाटली, की त्या दुकानात मी परत पाऊल ठेवलं नाही.

त्याची टिंगल मी बंद केली ती तात्यांच्या मोटरीमुळं. नरसिंहपूरच्या अलीकडं, नीरेच्या काठाला तात्यांचं रान आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर ते एकटेच तिथं राहतात. घरापासून मोटर लांब, गुडघे दुखतात, म्हणून त्यांनी बाजारातून मोबाइलवर चालणारा स्टार्टर आणून बसवला. फोन केला की मोटर चालू, फोन केला की बंद. महिनाभर तात्या खूश होते. मग एका दुपारी कुणा परक्या माणसाचा फोन आला, अगदी गोड आवाजात. "तात्यासाहेब, काल उसाला पाणी झालं का? आज मोटर लावली नाही म्हणून विचारलं." त्याला म्हणे ठिबकच्या नळ्या विकायच्या होत्या. तात्या सांगायचे, "आक्का, मी रानात एकला. लांबवर माणूस न्हाय. अन् ह्यो म्हनतोय, आज मोटर लावली न्हाय." त्यांनी फोन खिशात घातला आणि कितीतरी वेळ चारी बाजूंनी उसाकडं बघत राहिले. मिलिंदनं तो स्टार्टरचा डबा उघडून तपासला, तर तात्यांनी मोटर लावली की त्याची खबर दर वेळी इंटरनेटवरून कुठल्या कुठल्या कंपन्यांकडं जात होती. घरी कधी असतात, बाहेर कधी जातात, सगळं त्यातून कळत होतं.

मग त्यानं स्वतःचा स्टार्टर बनवला आणि त्याचा प्रोग्राम इंटरनेटवर सगळ्यांसाठी उघडा ठेवला. ओपन सोर्स म्हणजे काय, ते त्यानं मला माझ्याच स्वयंपाकघरात सांगितलं होतं. "भटारखान्याचं दार उघडं असलेलं हॉटेल समज. आत काय शिजतंय ते कुणीबी येऊन बघावं. न आवडलं तर फोडणी बदलून न्यावी." मी म्हटलं, "आणि बघायला येतं कोण?" तो हसला. "कुणीच न्हाय. पर बघता येतंय ना, मग झालं." त्या डब्यात आवाज भरायला माणूस मिळेना, म्हणून त्यानं स्वतःचाच भरला. लाईट आली की डबा फोन करायचा: "लाईट आली हाय. मोटर चालू करू का?" पाणी ओढलं नाही की: "पाणी ओढंना, बंद केली बघा." आसपासच्या बऱ्याच रानांत ते डबे बसले. लोकांना भारी गंमत वाटायची. मोटरी मिल्यासारख्या बोलायच्या.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तात्यांच्या अंगणात मांडव घातला होता. वंदना झाली, भंतेजी दोन शब्द बोलले, मिलिंदच्या फोटोपुढं मेणबत्त्या लागल्या आणि सगळे खाली मान घालून शांत उभे राहिले. त्या आठवड्यात शेतीला दिवसाची लाईट होती, ती नेमकी त्याच वेळी आली. पहिला फोन शालनवैनींचा वाजला. तात्यांच्या बांधाला लागूनच त्यांचं रान. बाई गडबडली, बंद करायच्या ऐवजी तिनं उचलला, स्पीकर चालूच होता. "लाईट आली हाय. मोटर चालू करू का?" ... पाठोपाठ मागच्या रांगेत दुसरा वाजला, मग कडेला तिसरा, मग खिशाखिशांतून वाजायला लागले. कुणी घाईनं उचलले, कुणी उचलून तसेच धरले. भर दुपारच्या उन्हात, फोटोसमोर, मिलिंद माणसामाणसाला विचारत होता, मोटर चालू करू का. मी मांडवाचा बांबू धरला.

पुढच्या आठवड्यात चार माणसं तात्यांकडं आली. शालनवैनी पदराशी चाळा करत म्हणाल्या, "तात्या, राग धरू नगा. रानात एकल्या बाईला त्यो आवाज ऐकवत न्हाय. वाटतंय, अजून हितंच हाय, आपल्याकडं बघतोय." तात्या म्हणाले, "बदला की. त्यानंच दार उघडं ठिवलंय." पंप दुरुस्त करणारा बाळू डब्याडब्यापाशी फिरला आणि त्यानं आवाज बदलले. आता गावातल्या मोटरी त्याच्या बायकोच्या आवाजात बोलतात, आणि ती बया चिडल्यासारखीच बोलते. फक्त तात्यांनी आपल्या डब्याला हात लावू दिला नाही. पण मोटर लावायचंही सोडलं. लाईट आली की फोन वाजायचा, ते नुसते बघत बसायचे. ऊस वाळायला लागला. मी बारामतीला चला म्हणून हातापाया पडले, तर "बघू" म्हणाले. मला त्यांची धास्ती लागून राहिली. मुलाच्या मागोमाग जायचं ठरवलेल्या माणसासारखे ते दिसायला लागले होते.

आणि एक दिवस, मी कॉलेजात भौतिकशास्त्राचा तास संपवून येत असताना, अनोळखी नंबरवरून फोन आला. "आक्का, मिलिंद बोलतोय. तात्या उत्तर देईनात. जरा बघून ये."

मी जिन्यातच खाली बसले. मुलं बाजूनं वाट काढून जात होती. फोनमध्ये तेच पुन्हा आलं, तसंच, जरा बघून ये म्हणताना त्याचा आवाज नेहमी चढायचा तसा चढला. मग फोन कट झाला. तात्यांना लावला, तर उचलेनात. शालनवैनींना लावला, तर त्या इंदापूरच्या बाजारात. गाडी काढली आणि कशी चालवली, मला सांगता यायचं नाही. रस्ताभर मी मिल्याला शिव्या देत होते, म्हणजे त्याच्याशी बोलतच होते.

तात्या पडवीत भिंतीला टेकून बसले होते. जिवंत होते. फोन कानाला. मला बघून त्यांनी नुसता हात वर केला, थांब म्हणून. फोन बंद झाला, मांडीवर ठेवला, आणि थोड्या वेळानं परत वाजला. ह्या खेपेला त्यांनी स्पीकर लावला.

"तात्या, मोटर लई दिस बंद हाय. तुमी बरं हाय ना? बरं असलं तर एक दाबा." ... "तात्या, मोटर लई दिस बंद हाय. तुमी बरं हाय ना?"

हे वाक्य आम्ही कुणी कधी ऐकलं नव्हतं. तात्यांची मोटर एवढे दिवस कधी बंदच राहिली नव्हती. मी म्हटलं, "तात्या, दाबा की एक. सकाळधरनं वाजतंय का हे?"

"दाबलं की त्यो बंद पडतोय गं," तात्या म्हणाले. मग फोनकडं बघत म्हणाले, "अन् बरं नसलं तर काय दाबायचं, ते सांगितलंच न्हाय त्यानं."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि मोठ्यानं रडले. तात्या रडले नाहीत. माझ्या पाठीवर हात ठेवून ऐकत राहिले.

नंतर मी कॉलेजातल्या संगणकाच्या सरांकडून तो प्रोग्राम वाचून घेतला. सगळं तिथंच होतं, उघडं. आठवडाभर मोटर लागली नाही की डबा आधी तात्यांना विचारणार, उत्तर आलं नाही की मला सांगणार. तिसऱ्या कुणाला नाही. एवढं सोडलं तर खबर त्या डब्याच्या बाहेर कुठंच जात नव्हती. म्हणजे जगाच्या डोळ्यांवर चिकटपट्ट्या लावणारा माझा भाऊ, स्वतःच्या बापावर मात्र डोळा ठेवून होता, आणि बापाला एका शब्दानं विचारलं नव्हतं! तो असता तर मी त्याला सोडलं नसतं, कडाकडा भांडले असते. हे तू केलं तर माया, आणि दुसऱ्यानं केलं तर चोरी का रे? ह्यावर तो काय म्हणाला असता, मला खरंच माहीत नाही. तात्यांना मी विचारलं, काढून टाकायचं का? त्यांनी मान हलवली. "ऱ्हाऊ दे. कोन इचारतंय आता एवढं."

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी एक दाबलं आणि मोटर लावली. ऊस आता बरा आहे. तात्या जेवतात, बाळूच्या बायकोच्या आवाजाची नक्कल करतात. पण मध्येच आठवडाभर मोटर बंद ठेवतात. मुद्दाम. मग डबा त्यांना फोन करतो, ते ऐकत बसतात, एक काही दाबत नाहीत, आणि फिरून माझा फोन वाजतो.

परवाही वाजला. "आक्का, मिलिंद बोलतोय. तात्या उत्तर देईनात. जरा बघून ये." मला ठाऊक असतं, म्हातारा पडवीत फोन कानाला लावून सुखात बसला असणार. सहकारी म्हणतात, आता कशाला धावतेस? पण मी पर्स उचलते, गाडी काढते. कारण एखाद्या दिवशी तात्या खरोखरच उत्तर देणार नाहीत. तेव्हाही मिल्या हेच वाक्य ह्याच आवाजात सांगेल, आणि मला फरक कळणार नाही.